उजवा हातमोजा

८ फेब्रुवारी

आणि समजा नोकरी लागलीच, तरी पगार किती? अठरा हजार. हे मी मनाने ठरवलेलं नाही. इथल्या हॉस्पिटलात डिग्री करून नव्याने लागलेल्या तीन सिस्टरांना स्वतः विचारलंय. तिघींनाही अठराच. चार वर्षं शिकायचं, साडेचार लाखांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं आणि हातात अठरा. मी सातवी नापास माणूस. लाँड्रीत मळक्या चादरी निवडतो आणि ओव्हरटाइम धरून वीस घेतो. मग आमच्या दोघांत शहाणं कोण?

हे फोनवर सांगितलं तर म्हणते, "दादा, वीस वर्षांनीसुद्धा तू वीसच घेशील." आणि फोन ठेवला. वर आईला सांगते की दादाच चिडतो.

ही वहीपण तिचीच. निघताना पिशवीत घातली होती. "फोनवर तू ओरडतोस, मग मला मुद्दा कळत नाही. तुझ्या बाजूचं यात लिहून ठेव. सुट्टीला आलास की वाचते आणि उत्तर देते." नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पण बोलणं कोर्टातल्यासारखं. आमच्याकडे तिला मास्तरीणच म्हणतात. पाच वर्षांची होती तेव्हा शेजारच्या कोंबड्यांना भिंतीशी उभं करून पाढे शिकवायची. कोंबड्या पळाल्या की मला उभं करायची.

तर माझी बाजू. डिग्री सोडावी आणि दोन वर्षांचा छोटा कोर्स करावा. त्यात पगार चौदा, पण कर्ज नाही. अठरातून साडेसात हप्ता गेला की साडेदहा राहतात. साडेदहा मोठे की चौदा मोठे? हे तर कोंबडीसुद्धा सांगेल.

जामीनदार म्हणून सही माझी आहे. बँकेतल्या बाईने तीन ठिकाणी करायला लावली आणि तिन्ही सह्या वेगवेगळ्या आल्या.

२० फेब्रुवारी

कामाबद्दल लिहायला हवं, नाहीतर मास्तरीण म्हणेल पुरावा कुठे.

आमची लाँड्री हॉस्पिटलच्या तळघरात आहे. मधे काचेची भिंत. पलीकडे स्वच्छ बाजू, तिथे इस्त्री होते, रेडिओ लागतो. अलीकडे मळकी बाजू, तिथे आम्ही. प्रत्येक मजल्याची पोती गाड्यावरून खाली येतात, पोत्यावर मजल्याचा आकडा असतो. पोतं टेबलावर उलटं करायचं आणि चादरी, अभ्रे, अंगातले कपडे वेगवेगळे करायचे. रक्त लागलेलं लाल पिंपात. पैसे किलोवर. जितकं निवडाल तितकं.

हातमोजे मिळतात, जाड, कोपरापर्यंतचे. पण ते घालून माणूस अस्वलासारखा होतो. अभ्र्याच्या कोपऱ्यात काय अडकलंय ते बोटांना कळत नाही. म्हणून इथली रीत अशी, की डाव्या हातात मोजा ठेवायचा आणि उजवा उघडा. उजवा हात बघतो, डावा उचलतो. मुकादम आला की उजवा घालायचा. तो गेला की काढायचा. मुकादमालाही माहीत आहे. तो दारातूनच खोकतो.

उजव्या हाताला काय काय सापडतं! पेनं, चष्मे, दाताची कवळी, एकदा लहान मुलाचा एकच पायमोजा. ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचं. ज्याचं हरवलं तो येऊन शोधतो. पायमोज्यासाठी कोणी आलं नाही.

माझ्याबरोबर टेबलाला मामा असतात. वय साठीकडे. सगळी लाँड्री त्यांना मामा म्हणते आणि ते मला भिंगरी म्हणतात. पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "याआधी कुठे होतास?" मी सांगत गेलो, वीटभट्टी, बोट, पेट्रोल पंप, कोंबडीची गाडी. "टिकलास कुठे?" "कुठेच नाही." तेव्हापासून भिंगरी. खोलीही आमची एकच. मामा घोरतात, पण लयीत.

खरं तर मला इथूनही जायचं होतं. मोठ्या ट्रकचं लायसन काढायचं, दूरदूर जायचं. पण जूनअखेर मास्तरणीच्या दुसऱ्या वर्षाचा आपला हिस्सा भरायचा आहे, बावीस हजार. बाकीचे बँक भरते. आपला हिस्सा चुकला तर नाव कमी होतं आणि बँक आत्तापर्यंतचं सगळं परत मागते. माझ्याकडे. म्हणजे भिंगरीला खुंटीला बांधून ठेवलंय.

४ मार्च

आज पक्का पुरावा मिळाला.

सहाव्या मजल्याची सिस्टर वरचेवर खाली येते. वरचा वॉर्डबॉय सुट्टीवर असला की पोतं स्वतःच ओढत आणते. डोळ्यांखाली काळं, चप्पल कायम अर्धी पायात. दिवस करून परत रात्र करते, कोणी बदली मागितली की नाही म्हणत नाही. तिचं पेन आठवड्यातून दोनदा आमच्या डब्यात येतं. तिला विचारलं, डिग्री आहे का? आहे. कर्ज? होतं काय, आहे अजून.

मग मी सरळच विचारलं. तिनेही पोत्यावर बसून सांगितलं. सहा वर्षांच्या नोकरीनंतर पगार एकवीस. हप्ता साडेसात. खोलीचे पाच. घरी चार. उरतात साडेचार, त्यात जेवणखाण.

"मग कशाला शिकलात?"

"हप्ता संपला की सांगते," म्हणाली आणि उठली. चप्पल शोधायला लागली.

लगेच मास्तरणीला फोन लावला. सगळा हिशेब वाचून दाखवला. मला वाटलं आता गप्प बसेल.

"तिचे हप्ते किती राहिलेत?"

"चार."

"म्हणजे जुलैपर्यंत. मग ऑगस्टमध्ये विचार ना तिला हेच."

मागून आई ओरडली, "अरे तुम्ही दोघं भांडा, पण त्याला विचार जेवतो का नीट!"

१७ मार्च

आज सहाव्या मजल्याच्या पोत्यात हात घातला आणि काहीतरी चावलं.

सुई. सिरिंज नाही, नुसती सुई, अभ्र्याच्या शिवणीत रुतलेली. अंगठ्याशेजारच्या बोटात चांगली आत गेली होती. काढली, बोट दाबून रक्त काढलं आणि तोंडात घातलं. लहानपणी काटा लागला की आई तेच करायची.

मामांनी बघितलं. म्हणाले, "मुकादमाला सांग."

सांगितलं की काय होतं ते आम्हा दोघांना माहीत आहे. कागद होतो. माझं रक्त तपासतात आणि तपासणी येईपर्यंत घरी बसवतात. आम्ही ठेकेदाराची माणसं, घरी बसलं की किलो नाहीत आणि किलो नाहीत तर पैसे नाहीत. आणि त्या पाळीला वर कोण होतं त्याचं नाव कागदावर जातं.

मामा म्हणाले, "मागे चौथ्या मजल्यावरची एक सिस्टर अशीच कामावरून गेली. वर्षाचं कंत्राट पुढे वाढवलंच नाही तिचं."

सुई कागदात गुंडाळून ठेवली. संध्याकाळी मास्तरणीला फोन केला, दुसरंच काहीतरी बोललो आणि मधेच म्हटलं, आमच्याकडे एका माणसाला आज सुई लागली.

बाई बदललीच एकदम. आवाजच वेगळा.

"कसली सुई? वापरलेली? हातमोजा होता?"

"एका हातात होता."

"एका हातात म्हणजे? बरं ते राहू दे. त्याने काय केलं नंतर?"

"दाबून रक्त काढलं."

"दाबायचं नसतं दादा! साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं. तोंडात तर नाही ना घातलं?"

"नाही."

"त्याला लस घेतलेली आहे का? तुम्हाला देतात ना कामावर?"

मी म्हटलं, मला काय माहीत, विचारतो. ती म्हणाली, विचारत बसू नको. आजच्या आज वर जायला सांग, फार तर उद्या. इंजेक्शन असतं, ते लगेच घेतलं तर उपयोग. मग काय काय होऊ शकतं ते तिने सांगितलं. तीन आजारांची नावं घेतली, एक रक्ताचं, दोन काविळीची, घडाघडा, शाळेत पाढे म्हणायची तशी. आणि हेही म्हणाली की बहुतेकांना काहीच होत नाही, पण बहुतेकांत आपण आहोत हे आधी कळत नसतं.

मी ऐकतच राहिलो. वर्षसुद्धा झालेलं नाही तिला तिथे.

"सांगशील ना त्याला?"

"सांगतो."

ही वही आता तिला दाखवता येणार नाही.

१८ मार्च

जाणार होतो वर. खरंच. सकाळी आंघोळ करून शर्टही बदलला होता.

पण त्याआधीच सहाव्या मजल्याची खाली आली. आज पोतं नव्हतं, रिकाम्या हाताने. डब्यात बघितल्यासारखं केलं. मग म्हणाली, "काल आमच्या पोत्यात काही आलं का? टोकदार?"

रात्रपाळी करून आली होती. ओठ फुटलेले. मला कशाला दिसावं कुणास ठाऊक, पण मला तिच्या जागी मास्तरीण दिसली. पांढरा कोट, अर्धी चप्पल आणि चार हप्ते राहिलेले.

मी म्हटलं, "एक पेन आलंय बघा."

तिने पेन घेतलं. ते तिचं नव्हतंच, निळ्या टोपणाचं होतं. तरी घेतलं. "बरं झालं," म्हणाली. जिन्यात थांबून परत एकदा म्हणाली, "बरं झालं रे."

मामांनी दुपारचा चहा माझ्याशिवाय घेतला. पोती मात्र जड जड असलेली स्वतः ओढली.

बोट दुखतसुद्धा नाही. मुंगी चावल्याएवढं लाल आहे.

२ एप्रिल

मुकादमाच्या ओळखीचा एक ट्रकवाला आला होता. क्लीनर हवाय, सहा महिन्यांत लायसन काढून देतो म्हणाला. पाय नुसते शिवशिवले. रात्री मनातल्या मनात तीन गावं ओलांडून आलो. सकाळी नाही सांगितलं. तिथे पहिले दोन महिने फक्त जेवण.

२६ एप्रिल

आज मास्तरीण पहिल्यांदा खऱ्या वॉर्डात गेली होती. आईने सांगितलं की सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिने. मग फोन तिनेच घेतला.

एक म्हातारा होता, कोणाच्या हातून पाणी घेत नव्हता. हिने त्याला विचारलं, तुम्ही काय काम करायचात? तो म्हणाला, वजनकाटे दुरुस्त करायचो. मग हिने पेल्यातलं पाणी दाखवून विचारलं, हे किती असेल? त्याने अंदाज सांगितला. हिने म्हटलं, चूक, पिऊन रिकामा पेला धरा म्हणजे कळेल. प्याला तो. मोठ्या सिस्टरने बघितलं आणि दुपारी हिला स्वतःच्या टेबलाशी बसवून घेतलं.

"माझ्या हातून प्यायला दादा," एवढंच दोनदा म्हणाली.

अठरा हजाराचं बोलायचं होतं, राहून गेलं. जाताजाता तिने विचारलं, "तो तुमचा माणूस गेला होता का वर?"

"कोण माणूस?"

"सुईवाला."

"हो, हो. गेला ना."

"काय सांगितलं त्याला?"

"ठीक आहे म्हणाले."

"तीन महिन्यांनी परत तपासायचं असतं. त्याला लक्षात ठेवायला सांग."

छोट्या कोर्सचं आता मी बोलणार नाही असं ठरवलंय. त्या कोर्समध्ये हे शिकवतात की नाही कोण जाणे. वर्षाला बावीस, म्हणजे अजून तीन वर्षं. करू. पाठीमागे लागलो की होतं.

९ मे

बावीसमधले तेरा जमले. आई म्हणते घरचे पैसे या महिन्यात कमी पाठव, माझं भागेल. तिचं कसं भागतं ते मला माहीत आहे. रात्री नुसता चहा पिते आणि मला सांगते पोट जड होतं.

२१ मे

गंमत झालीय. ट्रकवाला परत आला आणि मला काहीच वाटलं नाही. पाय शिवशिवले नाहीत. तो गावांची नावं घेत होता आणि मी पोत्यांच्या ढिगाला टेकून बसलो होतो, छान वाटत होतं टेकून.

आई कायम म्हणायची, एक दिवस तू आपोआप शहाणा होशील, भटकणं सुटेल. झालो बहुतेक. हल्ली काम झालं की खोलीत येऊन पडतो. बाहेर जावंसं वाटत नाही. खावंसंही फार वाटत नाही, त्यात पैसे वाचतात ते वेगळेच. मामांच्या वाटणीला माझं अर्धं ताट जातं.

मामा म्हणाले, "भिंगरी थांबली की काय रे?"

म्हटलं, "वयात आलो मामा."

ते हसले नाहीत.

२ जून

उकाडा फार. लघवी काळ्या चहासारखी होते. पाणी कमी पडत असणार. तळघरात घाम किती जातो.

मामा सकाळी आरशात माझ्या मागे उभे राहिले. म्हणाले, "भिंगरी, तुझ्या डोळ्यांत अंड्यातलं पिवळं उतरलंय."

बघितलं. आहे खरं थोडं. ते धुण्याच्या औषधाने होतं. ब्लिचिंगची वाफ डोळ्यांत जाते, स्वच्छ बाजूच्या एकाचेही डोळे मागे लाल झाले होते. मामा म्हणाले, "लाल वेगळं, पिवळं वेगळं." म्हातारा माणूस, शंका फार.

किलो कमी होतायत माझे. दुपारनंतर हात उचलत नाहीत. मामा स्वतःचे काही किलो माझ्या नावावर मांडतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

८ जून

मास्तरणीने आज व्हिडिओवर फोन केला. कधी करत नाही, तिला नेट पुरवून वापरायचं असतं.

"दादा, अंधारात का बसलायस?"

"दिवा गेलाय."

"खिडकीत ये."

"पडदा आहे."

"पडदा बाजूला कर."

"मामा झोपलेत."

मामा समोरच पाय सोडून बसून सदऱ्याचं बटण शिवत होते. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, पण फोनमध्ये तोंड घातलं नाही.

मग ती फोनच्या अगदी जवळ येऊन बघत राहिली. मला वाटलं फोन अडकला. पण तिचे डोळे हलत होते.

"त्या माणसाला भूक लागते का रे?"

"कोणत्या?"

"तुझ्या त्या."

"लागते थोडी थोडी."

"थकवा?"

"काम करतो म्हटल्यावर थकणारच."

"त्याच्या घरी कोण आहे?"

"आई आहे. एक बहीण आहे."

"बहिणीला सांगितलंय त्याने?"

"नाही. बहीण फार रागीट आहे त्याची."

यावर ती हसेल असं वाटलं होतं. तिने फोन उताणा ठेवला, मला नुसतं घरचं छत दिसत राहिलं. मग आवाज आला, "त्याला सांग, बहीण नाही रागावणार. त्याने फक्त वर जावं. जिना चढायचाय फक्त. तुम्ही हॉस्पिटलच्या खालीच काम करता दादा, कोणी मैलभर चालत जायला सांगत नाहीये."

"सांगतो," म्हटलं.

कसली हट्टी आहे. एका परक्या माणसामागे लागलीय. अशी असली की नर्स चांगली होते म्हणतात.

११ जून

आज वेळ काढून वर गेलो होतो तपासणीच्या खिडकीपाशी. मास्तरणीचं मन राखायला, नाहीतर ती विचारत बसेल. खिडकीवर पाटी आहे. काविळीच्या सगळ्या तपासण्या मिळून अडीच हजार. खिडकीतला म्हणाला, कामावर लागलं असेल तर फुकट, पण त्याच दिवशीचा कागद लागतो. आहे का कागद?

कागद नाही.

अडीच हजार म्हणजे मळक्या चादरींची किती पोती! आणि समजा त्यांनी सांगितलं कावीळ आहे, तर मुकादम दुसऱ्याच दिवशी घरी पाठवेल. मग जूनअखेर गेलं. तीस तारीख झाली की बघू. डोळे कुठे पळून जातायत?

१४ जून

मोठं भांडण झालं. सगळ्यांत मोठं. आणि उलटं!

मास्तरीण म्हणते डिग्री सोडते. छोट्या कोर्सला नाव घालते. वर माझाच हिशेब मला वाचून दाखवला. अठरातून साडेसात गेले की साडेदहा राहतात दादा, आणि चौदा मोठे. कोंबडीसुद्धा सांगेल म्हणे. मी ते कोंबडीचं तिला कधी बोललो होतो कोण जाणे.

मी म्हटलं, "आणि बँक? आत्तापर्यंतचं सगळं परत मागेल."

"फेडू हळूहळू. मी कामाला लागते."

"तू काय म्हणतेस कळतंय का तुला? त्या म्हाताऱ्याला पाणी कोण पाजणार?"

"दुसरं कोणीतरी पाजेल! तिथे सत्तर पोरी आहेत. तुला कोण पाजणार?"

"मला काय झालंय?"

आई मधे पडली नाही. आई भांडणात मधे पडली नाही असं पहिल्यांदाच झालं. नुसती म्हणाली, "तू ये रे इकडे. पैशाचं पैशाला बघू दे."

मी ओरडलो. म्हटलं, मी पुढच्या वर्षी सुट्टीला येईन तेव्हा मला हातात दुसऱ्या वर्षाचं मार्कशीट दिसलं पाहिजे, नाहीतर जामीनदार म्हणून मीच तुझ्यावर केस करीन. हे बोललो आणि इतका दम लागला की जिन्यात बसलो.

१६ जून

तीन हजार आलेत माझ्या खात्यावर. मास्तरणीकडून. मेसेज आहे: "हे त्या माणसाच्या तपासणीसाठी. पुस्तकं विकली नाहीत, काळजी करू नको. मैत्रिणीकडून घेतलेत. त्याला म्हणावं, उद्याच."

म्हणजे पुस्तकं विकली.

१९ जून

सहाव्या मजल्याची आली होती. केस विंचरलेले, दोन्ही चपला पायांत नीट. कंत्राट वर्षभर वाढलं. आणि पुढच्या महिन्यात शेवटचा हप्ता. सगळ्यांना बिस्किटं वाटली, डब्यातसुद्धा एक पुडा ठेवला.

मला द्यायला टेबलापाशी आली आणि हात तसाच राहिला.

"डोळे कधीपासून असे?"

"औषधाची वाफ लागते."

"इकडे बघ. वर बघ." तिने अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली. हात थंड होता. मग हळू विचारलं, "सुई लागली होती का तुला कधी?"

मामांनी हातातली चादर खाली ठेवली.

मी तिच्याकडे बघितलं. हप्ता एकच राहिलाय, आत्ताच सांगत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं की आता ऑगस्ट येतोय, आता सांगा, कशाला शिकलात. तेवढंच विचारायचं होतं मला. पण तिचा चेहरा असा झाला होता की म्हटलं, "नाही हो. मोजा असतो ना हातात."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. डाव्यात मोजा होता. उजवा उघडा.

"तो पण घालत जा रे," म्हणाली. "वर ये एकदा. मी... मी करून घेते तपासणी. कागदाशिवाय."

"येतो. जूनअखेर होऊ दे."

बिस्किटांचा पुडा तिने माझ्यासमोर ठेवला आणि जिन्याने गेली. अर्ध्या जिन्यात बराच वेळ उभी होती, खालून पाय दिसत होते. मला वाटलं परत येते. नाही आली.

मामा म्हणाले, "जातोस की उचलून नेऊ?"

"तीस तारखेनंतर मामा. शप्पथ."

"मी काही तुझ्यासारखा शिकलेला नाही," म्हणाले, "पण एवढं कळतं, की तारीख माणसासाठी थांबत नसते." आणि नाक शिंकरत पिंपामागे गेले. मामा चौथी नापास. मी सातवी. त्यांच्या दृष्टीने मी शिकलेला.

२३ जून

आज काम झालं नाही. टेबलाशी उभा होतो आणि नंतर टेबलाखाली होतो. मुकादम दारातून खोकला नाही, आत आला. म्हणाला, उद्यापासून घरी बस, बरा झालास की ये. हिशेब करून दिला. मामांनी त्यात आपले काहीतरी घातले असणार, कारण माझे एवढे होत नाहीत.

पण बावीस झाले! काठावर, पण झाले. मोजले, मामांकडून मोजवून घेतले.

सकाळी मामांच्या मदतीने पैसे पाठवायच्या दुकानापर्यंत जाईन, मग वर जाईन. मामांना शब्द दिलाय. वर म्हणजे सहाव्या मजल्यावर, लिफ्टने. सहाव्या मजल्याच्या सिस्टरने मामांना निरोप दिलाय, दोघांनी काहीतरी ठरवलंय माझ्या पाठीमागे. जाईन म्हटलं. पण आधी दुकान. मामा म्हणतात आधी वर. यावरूनही भांडलो. आवाज चढत नाही त्यामुळे हरलो असतो, पण मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं बाबा. आधी दुकान."

मास्तरणीचे तीन हजारही तसेच आहेत, मोडले नाहीत. तेही परत पाठवतो. सांगेन, तो माणूस घेत नाही, म्हणाला बहिणीची पुस्तकं आधी परत विकत घ्या. वजनकाट्यावाल्या म्हाताऱ्यासारखं कोणीतरी पुढच्या वर्षीही असेल, तिथे पुस्तक लागेल. आणि तिला मेसेजमध्ये लिहिलंय की तो माणूस उद्या वर जातोय. हे खोटं नाही.

दुसऱ्या वर्षाचा हिस्सा बावीस, तिचे तीन. पंचवीस हजार.